ग्रिड कनेक्शनचा स्टडी करून घेतला: अर्थिंगला पैकीच्या पैकी, हार्मोनिक्स काठावर पास

सोलर प्लांट ग्रिडला जोडायचा म्हटलं की ग्रिड कंपनी आधी स्टडी मागते. लोड फ्लो (कुठून किती वीज वाहते), शॉर्ट सर्किट, प्रोटेक्शन, हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीची भेसळ), अर्थिंग असं सगळं, आणि बहुतेक जण ते एकाच कन्सल्टंटच्या गळ्यात घालून मोकळे होतात. आम्हीही तेच केलं. कन्सल्टंटचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत.

आधी अर्थिंग, कारण पैसे वसूल झाले ते तिथंच. मी आजवर पाहिलेले अर्थिंग रिपोर्ट म्हणजे शेवटी एकच ओळ, रेझिस्टन्स १ ओहमच्या खाली आहे, ओके, सही शिक्का. ह्यांचा इंजिनियर स्वतः साइटवर आला, चार पिना ठोकून वेनर पद्धतीने मातीची रेझिस्टिव्हिटी (माती विजेला किती अडवते ते) मोजली आणि पिनांमधलं अंतर १ मीटरपासून वाढवत वाढवत ३२ मीटरपर्यंत नेलं. आमचा साइटवाला वैतागला, कशाला एवढं लांब, पण अंतर वाढवलं तरच खोलवरची माती कळते. वर काळी ओली माती आणि खाली कातळ असेल तर दोनचार मीटरच्या रीडिंगवर सगळं झकास दिसतं आणि मॅटचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या जाळीचा, खरा रेझिस्टन्स हिशेबापेक्षा बराच जास्त निघतो. आमच्याकडे खाली कातळच निघाला.

मग त्याने जे समजावलं ते सांगतो. समजा मॅटचा रेझिस्टन्स ०.८ ओहम आहे, म्हणजे १ ओहमच्या खालीच, पण फॉल्टमध्ये (शॉर्ट सर्किट झालं की) ४ किलोअँपिअर करंट जमिनीत गेला तर अख्खं यार्ड, म्हणजे ट्रान्सफॉर्मर-ब्रेकरची जागा, ३२०० व्होल्टवर चढतं. तेव्हा नुसता ओहमचा आकडा बघून काहीच कळत नाही, उभा असलेला माणूस स्ट्रक्चरला हात लावेल तेव्हा त्याच्या हातापायात किती व्होल्ट येणार ते बघायचं, आणि रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण) किती वेळात फॉल्ट तोडतो ते पण. आयईईई ८० ह्या अर्थिंगच्या स्टँडर्डच्या फॉर्म्युल्याने ५० किलोचा माणूस, अर्धा सेकंद आणि १०० ओहम मीटरची उघडी माती धरली तर टच व्होल्टेजची (त्या हातापायातल्या व्होल्टची) मर्यादा जेमतेम १९० व्होल्ट येते, आणि त्याच मातीवर ३००० ओहम मीटरवाल्या खडीचा १५ सेंटीमीटर थर टाकला की तीच मर्यादा ७०० च्या वर जाते. यार्डात खडी शोभेसाठी टाकतात असं समजणाऱ्या काँट्रॅक्टरांनी हे वाचावं! खडीत माती मिसळली की हा फायदा जातो, हेही रिपोर्टमध्ये लिहून दिलंय.

आणखी एक, पूर्ण फॉल्ट करंट मॅटमधूनच जातो असं धरून त्याने उगाच तांबं वाढवलं नाही, लाइनच्या अर्थ वायरमधून आणि केबलच्या शीथमधून (धातूच्या आवरणातून) किती परत जातो ते आमच्याकडून डेटा मागून मागून काढलं. कुंपणाचंही वेगळं बघितलं, कारण कुंपणाला बाहेरून कोणीही हात लावतं.

प्रोटेक्शन चांगलं. इन्व्हर्टर फॉल्टमध्ये फार तर रेटेडच्या १.१ ते १.२ पट करंट देतो, त्यामुळे ब्रेकरला ताण नाही पण प्लांटच्या बाजूने साधा ओव्हरकरंट रिले बऱ्याचदा ढिम्म बसून राहतो, हे त्यांनी आमच्या आधीच पकडलं. लोड फ्लो ठीकठाक, पानंच्या पानं टेबलं, कोण वाचतं देव जाणे, पण रात्रीची केस घेतली होती हे बरं केलं. रात्री सोलर बंद असतो पण केबल चार्ज असतात आणि त्या ग्रिडला रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (काम न करता नुसती ये-जा करणारी) ढकलत राहतात, ती नंतर मीटरवर दिसते आणि मग पळापळ.

आता हार्मोनिक्स. इथं पाट्या टाकल्या. ग्रिडची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किटमध्ये ग्रिड किती करंट देऊ शकतं, म्हणजे त्याची ताकद) फक्त जास्तीत जास्तवाली घेतली आणि व्होल्टेज टीएचडी, म्हणजे हार्मोनिक्सचं एकूण प्रमाण, ५ टक्क्यांच्या आत, पास. अहो पण ग्रिड कमजोर असताना काय? केबलची कपॅसिटन्स आणि ग्रिडची इंडक्टन्स मिळून रेझोनन्स होतो, म्हणजे एका ठराविक फ्रिक्वेन्सीजवळचे हार्मोनिक्स फुगतात, आणि ग्रिड कमजोर झालं की तो खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो. विचारल्यावर उत्तर काय, तर ग्रिड कंपनीने किमान फॉल्ट लेव्हल दिलीच नाही. अरे मग मागायची ना! शेवटी आम्हीच मागून आणली, परत रन केलं, आणि ११ व्या हार्मोनिकच्या वर असलेला रेझोनन्स ७ व्याच्या जवळ येऊन बसला. मग फिल्टरची चर्चा सुरू झाली, जी पहिल्या रिपोर्टमध्ये कुठंच नव्हती. इन्व्हर्टरचं मॉडेल पण सुरुवातीला जेनेरिक वापरलं होतं, उत्पादकाचं मॉडेल हातात असताना.

काम द्यायचं असेल तर कोटेशनमध्येच लिहून घ्या की किमान आणि कमाल दोन्ही फॉल्ट लेव्हलवर रन हवेत, इन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्मर बदलला तर परत रनचे वेगळे पैसे लागणार की नाही, आणि पीडीएफबरोबर मॉडेलच्या फाइली मिळणार का. आम्हाला अर्थिंगची फाइल न मागता मिळाली, लोड फ्लोची मात्र मेलवर मेल टाकून, आणि हार्मोनिक्सची अजून यायचीय.