यू-ही डीव्हा: वर्षभर वाजवल्यानंतर

'हुबेहूब ओरिजिनलसारखं वाजतं का?' डीव्हा, म्हणजे जुन्या अॅनालॉग सिंथसारखे (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाद्यांसारखे) आवाज काढणारं सॉफ्टवेअर, घेतल्यापासून हे मला जितक्यांनी विचारलं, त्यांतल्या एकाच्याही घरी ते जुनं ओरिजिनल यंत्र नाही. माझ्याही नाही. त्यामुळे त्या वादात पडण्यात अर्थ नाही. रोजच्या कामात हे सॉफ्टवेअर कसं वागतं, तेवढंच लिहितो.

आधी थोडक्यात ओळख. उर्स हेकमान यांच्या बर्लिनमधल्या यू-ही कंपनीनं २०११ साली डीव्हा आणलं. ही कुठल्या एका जुन्या सिंथची नक्कल नाही. ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग), फिल्टर (त्याला पोत देणारा) आणि एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा) जुन्या सिंथच्या वेगवेगळ्या घराण्यांतून उचलून जोडता येतात. मिनीमूगच्या वळणाचा लॅडर फिल्टर आहे, रोलँडच्या ज्युनो-ज्युपिटर सिंथसारखा कॅस्केड फिल्टर आहे, कॉर्ग एमएस-२० सारखा करकरीत बाइट फिल्टर आहे. मूगचे तीन ऑसिलेटर आणि त्यावर एमएस-२० चा फिल्टर असा सिंथ प्रत्यक्षात कधी बनलाच नाही. मला मात्र तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

आता प्रोसेसरचं. डीव्हा जड आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, का जड आहे हे फार कोणी सांगत नाही. अॅनालॉग फिल्टरमधून बाहेर पडलेला सिग्नल त्याच क्षणी फिरून आत येतो. साध्या डिजिटल फिल्टरमध्ये तो एका सॅम्पलनं (डिजिटल आवाजाच्या एका सूक्ष्म तुकड्यानं) उशिरा पोचतो. कटऑफ (फिल्टर जिथून आवाज कापतो ती पातळी) वर आणि रेझोनन्स (त्या पातळीवरचा ठळकपणा) जास्त असला की एवढ्याशा उशिरानंही सूर सरकतो, आवाज कोरडा पडतो. हा उशीर टाळायचा तर दर सॅम्पलला समीकरण सोडवत बसावं लागतं, आणि ते काम प्रत्येक व्हॉइससाठी (एकाच वेळी वाजणाऱ्या प्रत्येक स्वरासाठी) वेगळं. म्हणून ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट आणि डिव्हाइन असे चार अॅक्युरसी मोड दिलेत. मी वाजवताना फास्टवर असतो आणि बाउन्स करताना (अंतिम फाइल काढताना) ऑफलाइन अॅक्युरसी वर नेतो. मे महिन्यात लॅपटॉपचा पंखा आपल्याच पॅडच्या (मागे संथ लांबणाऱ्या आवाजाच्या) वर ऐकू यायला नको असेल तर हाच मार्ग. साध्या स्ट्रिंग्जमध्ये फास्ट आणि डिव्हाइनमधला फरक मला ओळखू येत नाही. रेझोनन्स चढवून कटऑफ फिरवला की लगेच येतो.

पण माझ्या मते पैसे वसूल होतात ते ट्रिमर्सच्या पानावर. १९७८ च्या प्रॉफेट-५ सिंथमध्ये पाच व्हॉइस म्हणजे खरोखर पाच वेगळी सर्किटं होती. वेगवेगळ्या पट्ट्या लागोपाठ दाबल्या तर दर वेळी पुढची व्हॉइस बोलते, आणि कुठल्याही दोन सर्किटांचा सूर, कटऑफ तंतोतंत जुळत नाही. तापमानानं ते आणखी सरकतात, म्हणून तर त्या यंत्रावर ट्यूनचं बटण होतं. 'अॅनालॉगची ऊब' म्हणून जे मिरवलं जातं त्यातला बराच भाग हा असा बेशिस्तपणा आहे. डीव्हाच्या या पानावर प्रत्येक व्हॉइसचा सूर वेगळा हलवता येतो. कटऑफ, एन्व्हलप, ग्लाइड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं) यांत किती फरक पडू द्यायचा हेही ठरवता येतं. चार स्वरांची कॉर्ड धरा आणि हा फरक शून्यावरून हळूहळू वाढवा. आवाज कुठे जिवंत झाला ते कानाला आपोआप कळतं. त्याच्या जरा पुढे गेलात की ऑर्केस्ट्रातला बेसूर कीबोर्ड.

आता आपल्याकडच्या कामाचं. अभंगाच्या मागे पॅड लावायचा असतो तेव्हा हीच ऊब नडते. तानपुरा चालू आहे, गायक शुद्ध गंधार लावतोय, आणि तुमच्या पॅडमधला गंधार कीबोर्डच्या समान विभागणीमुळे सुमारे १४ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं) चढा आहे. त्यात ड्रिफ्ट, म्हणजे सुराचं आपोआप सरकणं, मिसळला की सगळं गढूळ. डीव्हा .tun फायली (प्रत्येक पट्टीचा सूर ठरवणाऱ्या) वाचतं, त्यामुळे काळी एकच्या सासाठी गंधार उतरवलेली फाइल मी करून ठेवली आहे. सा बदलला की फाइलही बदलावी लागते, हा ताप आहेच. अशा वेळी ट्रिमर्स पूर्ण शून्यावर, ड्रिफ्ट बंद. १९८२ मध्ये संगीतकार चरणजित सिंग यांनी मुंबईत ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ बेस मशीन आणि टीआर-८०८ ड्रम मशीन घेऊन राग वाजवले, तेव्हा ज्युपिटरवर असली सोय नव्हती. यंत्राचा दोष किती घ्यायचा हे आज आपल्या हातात आहे, आणि माझ्यासाठी ही हुबेहूबपणापेक्षा मोठी गोष्ट.

न आवडलेलंही सांगतो. प्रीसेट (तयार आवाज) हजाराच्या वर आहेत आणि पुष्कळसे रिव्हर्बमध्ये (घुमण्याच्या इफेक्टमध्ये) इतके भिजलेले, की मिक्समध्ये बसवायला आधी इफेक्ट बंद करावे लागतात. पॅनेलवर गर्दी आहे; नवशिक्यानं यावर सिंथ शिकू नये.

त्याला मी टॅल-यू-नो-एलएक्स हे दुसरं सॉफ्टवेअर सिंथ घ्यायला सांगेन. १९८२ च्या रोलँड ज्युनो-६० चं हे रूप. व्हॉइसला एकच ऑसिलेटर, खाली सब (त्याचाच खालच्या सप्तकातला सूर), आणि तो प्रसिद्ध कोरस (आवाज रुंद करणारा इफेक्ट). ज्युनोचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर चालत, सूर सरकत नसे, त्यामुळे तिथे रुंदी येते ती मुख्यतः कोरसनंच. चुकायला जागाच कमी, प्रोसेसरवर भार नगण्य. नाटकाच्या पार्श्वसंगीताला घाईत काही हवं असेल तर मी अजूनही आधी तेच उघडतो.