एकच मोठी एसएसडी, की लहान एसएसडी आणि कॅडीत जुनी हार्ड डिस्क?

जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क) बसवावी की नाही, हा आता फारसा वादाचा मुद्दा राहिलेला नाही. प्रश्न उरतो तो काढलेल्या हार्ड डिस्कचे काय करायचे, हा. एक मार्ग असा की २४० किंवा २५६ जीबीची लहान एसएसडी घेऊन तिच्यावर फक्त ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्राम ठेवावेत, आणि डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याच्या जागी कॅडीत, म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हच्याच आकाराच्या चौकटीत, जुनी हार्ड डिस्क सरकवावी. दुसरा मार्ग असा की १ टीबीची एकच एसएसडी घेऊन सगळा पसारा तिच्यावर न्यावा आणि हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घालून लॅपटॉपच्या बाहेर ठेवावी. एकाच लॅपटॉपवर मी हे दोन्ही प्रकार वापरले आहेत. पहिला सुमारे दीड वर्ष आणि त्यानंतर आजतागायत दुसरा.

नुसत्या वेगाकडे पाहिले तर दोहोंत निवडण्यासारखे फारसे नाही. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एखादा बारीक तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळ पुरतो. लॅपटॉप सुरू होताना असे हजारो तुकडे वाचले जात असल्यामुळे, ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीवर गेली की मुख्य काम झाले. लॅपटॉपमधील साटा (डिस्क जोडण्याचा मार्ग) दुसऱ्या पिढीचा, म्हणजे साटा २, असेल, तर सेकंदाला साधारण २८० एमबीच्या पुढे मजल जाणार नाही, पण रोजच्या वापरात मला तरी ही मर्यादा कधी जाणवली नाही.

पहिल्या मार्गाची बाजू मी मोकळेपणाने मांडतो, कारण तो निवडताना मला तोच शहाणपणाचा वाटला होता. लहान एसएसडीवर खर्च कमी होतो, जुनी जागा वाया जात नाही आणि बाहेर काही लोंबकळत राहत नाही. कॅडी घेताना तिची जाडी ९.५ मिमी हवी की १२.७ मिमी, हे आपला डीव्हीडी ड्राइव्ह काढून मोजावे आणि त्याची पुढची पट्टी कॅडीला बसते का, तेही पाहावे. एसएसडी मात्र मूळ हार्ड डिस्कच्या जागीच ठेवावी, कारण बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत डीव्हीडीच्या बाजूचा साटा मार्ग तुलनेने मंद असतो आणि काही यंत्रे त्या बाजूने सुरूच होत नाहीत.

इतके सगळे नीट जमल्यावरही माझे मन ज्या गोष्टीवरून फिरले, ती सांगायला क्षुल्लक आहे. कामात नसलेली हार्ड डिस्क काही वेळाने फिरायची थांबते. विंडोजमध्ये ही मुदत सहसा २० मिनिटांची असते. मी एसएसडीवरील एखाद्या मजकुरावर अर्धा तास काम करून तो नव्या नावाने साठवायला जात असे, आणि फाईल कुठे ठेवायची हे विचारणारी चौकट उघडताच सगळे थिजत असे. त्या फाईलचा हार्ड डिस्कशी काही संबंध नसे; पण ती चौकट यंत्रातल्या प्रत्येक ड्राइव्हची विचारपूस करते, त्यामुळे झोपलेल्या डिस्कला उठावे लागे, आणि ती घरघरत वेगात येईपर्यंत पाच-सहा सेकंद मी पांढऱ्या पडलेल्या खिडकीकडे पाहत बसे. हे सेकंद मी घड्याळ लावून मोजलेले नाहीत, मनातल्या मनात मोजले आहेत. परंतु जुना लॅपटॉप मुळातच मंद असताना ते बोचत नव्हते आणि तो चपळ झाल्यावर मात्र फार बोचू लागले, एवढे नक्की. शेवटी डिस्क कधीच थांबू नये असे सेटिंग केले, तेव्हा अडखळणे गेले आणि त्याच्या जागी उजव्या तळहाताखाली अखंड थरथर आली. बाकीचे यंत्र शांत असल्यामुळे ती गुणगुण लपायलाही तयार नव्हती, शिवाय बॅटरी लवकर उतरते असे वाटू लागले.

एकच एसएसडी घेतल्यावर हा त्रास उरला नाही. फाईल कोणत्या ड्राइव्हवर ठेवायची हा रोजचा बारीक विचारही संपला, आणि डीव्हीडी ड्राइव्ह आपल्या जागी परतला. डेटा हलवणेही सोपे गेले: ५०० जीबीच्या डिस्कची प्रत १ टीबीच्या एसएसडीवर सरळ उतरते, तर लहान एसएसडीच्या वेळी आधी विभाजने (डिस्कचे पाडलेले भाग) आकसून घ्यावी लागली होती. प्रत उतरल्यावर रिकवरीचे (बिघडलेली सिस्टिम पूर्ववत करण्यासाठी राखलेले) विभाजन मध्ये येऊन मुख्य विभाजन वाढवता येत नाही, असे होऊ शकते. पण ते विभाजने हलवणाऱ्या साधनाने सोडवता येते.

एसएसडी एकटी असण्यात धोका आहे, हे मान्य करायला हवे. हार्ड डिस्क बहुधा खडखड करून किंवा रेंगाळून मरणाची सूचना देते, एसएसडी पुष्कळदा काही न बोलता जाते. मात्र कॅडीतल्या डिस्कला कोणी बॅकअप समजत असेल, तर लॅपटॉप पडला, चोरीला गेला किंवा त्यावर पाणी सांडले, तर दोन्ही एकदमच जातात. त्यातून ती डिस्कही लॅपटॉपइतकीच म्हातारी असते. निदान तिचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पाहावा, आणि त्यात बदललेले किंवा प्रलंबित सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले किंवा तसा संशय असलेले तुकडे) दिसले तर तिला कॅडीत घालण्याचा विचारच सोडावा. ज्यांच्याकडे क्वचित उघडायच्या छायाचित्रांचा नि चित्रफितींचा मोठा साठा आहे आणि ज्यांचा लॅपटॉप टेबलावरून हलत नाही, त्यांना कदाचित पहिलाच मार्ग बरा पडेल. माझे म्हणणे त्यांना लागू व्हावे असा आग्रह नाही.

माझी जुनी हार्ड डिस्क आता यूएसबी केसमध्ये असते आणि आठवड्यातून एकदा बॅकअपसाठी जोडली जाते. फिरू लागायला ती आजही तेवढाच वेळ घेते, पण तेव्हा मी काही साठवण्याच्या घाईत नसतो.