गूगल स्कॉलर आणि बोरीची राख

प्रागितिहासातील एखाद्या संशोधकाने काय लिहिले आणि पुढे ते कोणी वापरले, हे पाहायचे असले की मी सर्वांत आधी गूगल स्कॉलर उघडतो. शोधनिबंध आणि त्यांना मिळालेले संदर्भ शोधून देणारी, २००४ पासून सुरू असलेली ही सेवा विनामूल्य आहे, आणि ज्यांच्या महाविद्यालयाला महागड्या संदर्भसेवांची वर्गणी परवडत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी तेवढे एक कारणही पुरेसे आहे.

तिचे खरे सामर्थ्य शोधनिबंधाच्या शीर्षकाखालच्या ‘सायटेड बाय’ या लहानशा दुव्यात आहे. तामिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील उत्खननावर शांती पप्पू व सहकाऱ्यांनी २०११ साली ‘सायन्स’मध्ये लिहिलेला निबंध घ्या. अवजारांच्या दगडातील बेरिलियम व ॲल्युमिनियम यांच्या समस्थानिकांवरून आणि गाळाच्या पुराचुंबकत्वावरून (थरात टिकून राहिलेल्या प्राचीन चुंबकीय दिशेवरून) तेथील अश्यूलियन, म्हणजे पूर्व पुराश्मयुगीन, हातकुऱ्हाडी किमान १०.७ लाख वर्षे जुन्या असल्याचे त्यात मांडले आहे. हा दुवा दाबल्यावर, त्या निबंधाचा आधार घेणाऱ्या लेखनापुरताच शोध मर्यादित ठेवण्याची चौकट मिळते. तिच्यात खूण करून ‘लेव्हाल्वा’ (दगडाला आधी आकार देऊन मग त्यातून छिलका काढण्याचे मध्य पुराश्मयुगीन तंत्र) हा शब्द रोमन लिपीत टाकला, की त्याच स्थळावरचा २०१८ सालचा ‘नेचर’मधील निबंध हाती लागतो. त्यात मध्य पुराश्मयुगीन तंत्राचा भारतातील काळ सुमारे ३,८५,००० ते १,७२,००० वर्षांपूर्वीचा ठरवला आहे. एका स्थळावरील संशोधनाचा धागा असा काही मिनिटांत सापडतो. पूर्वी त्यासाठी ग्रंथसूची चाळण्यात आठवडा जात असे.

संशोधकाच्या पानावर मात्र सगळ्यांची नजर जाते ती उजवीकडच्या आकड्यांवर, आणि तिथेच सावध राहायला हवे. त्यातल्या एच-इंडेक्सचे, म्हणजे संशोधकाच्या किती निबंधांना किमान तितकेच संदर्भ मिळाले या मापाचे, गणित सोपे आहे: पाच निबंधांना अनुक्रमे ५०, २०, ६, ४ आणि १ संदर्भ मिळाले असतील, तर किमान चार संदर्भ मिळालेले चार निबंध आहेत, म्हणून इंडेक्स ४. पहिल्या निबंधाला ५०ऐवजी ५०० संदर्भ मिळाले तरी तो ४ च राहतो. आयुष्यभर एकच स्थळ खणून एकच मोठा अहवाल लिहिणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला हे माप मुळातच प्रतिकूल आहे.

त्याहून मोठी अडचण अशी, की संदर्भ कशासाठी दिला आहे हे आकडा सांगत नाही. पुणे जिल्ह्यातील कुकडी नदीकाठच्या बोरी येथील ज्वालामुखीच्या राखेचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. राखेचा थर आणि अश्यूलियन अवजारे एकत्र सापडल्याने, राखेचे वय कळले की अवजारांचे वय बांधता येईल असा तर्क होता. १९८९ साली हे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले, १९९५ साली दुसऱ्या निबंधात ६.७ लाख, आणि १९९८ साली वेस्टगेट व सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातील सगळीच तोबा (इंडोनेशियातील ज्वालामुखी) राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या एकाच उद्रेकाची असल्याचे मांडले. या वादात विरोधकाला खोडून काढण्यासाठीही त्याचा संदर्भ द्यावाच लागतो, आणि तो संदर्भही मोजणीत कौतुकाइतकाच भरतो. वाद जितका पेटेल तितका दोन्ही पक्षांचा आकडा फुगतो, हा यातला गमतीचा भाग.

जुन्या पिढीच्या बाबतीत ही सेवा आणखी तोकडी पडते. संशोधकाचे पान त्याने स्वतः उघडायचे असते. १९८९ साली निवर्तलेल्या पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना ते शक्यच नव्हते. त्यांनी देव, अन्सारी आणि एरहार्ट यांच्यासह लिहिलेला नेवाशाच्या १९५४-५६ मधील उत्खननाचा अहवाल १९६० साली डेक्कन कॉलेजने छापला. असे ग्रंथ संगणकीय प्रतीऐवजी अनेकदा इतरांच्या तळटीपांतूनच सेवेला कळतात आणि मग शीर्षकाआधी चौकटी कंसात ‘सायटेशन’ एवढेच दिसते. शीर्षकातली जोडरेघ किंवा लेखकाची आद्याक्षरे कोणी वेगळी लिहिली, तर एकाच ग्रंथाच्या दोन नोंदी होऊन संदर्भ विभागले जाऊ शकतात. म्हणून मी नुसते आडनाव, स्थळाचे नाव आणि साल असे तीन वेगवेगळे शोध घेऊन पाहण्याचा सल्ला देतो.

वाट शोधण्यासाठी या सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देईन. संशोधकाचे वजन करण्यासाठी ती काठावर पास आहे. निवड समितीसमोर प्रागितिहासाचा उमेदवार असेल, तर इंडेक्सशेजारी त्याच्या उत्खनन अहवालांची यादीही ठेवावी. विद्यार्थ्याने आपल्या स्थळाच्या नावाची ई-मेल सूचना लावून घ्यावी, म्हणजे नवे लेखन आपोआप कळत राहील. नेवाशाच्या अहवालातील थरांचे छेद आणि अवजारांची रेखाटने पाहायची असतील, तर मात्र येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात एक दिवस काढावा.