निक्स की पॅकेजसोर्स? सुडो (ॲडमिनचे अधिकार) नसलेल्या माणसाचं मत

लिनक्स, मॅक आणि मधेच एखादं बीएसडी (युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिम), सगळीकडे तीच टूल्स त्याच व्हर्जनची हवी असतील तर फिरून फिरून गाडी निक्स आणि पॅकेजसोर्स या दोन पॅकेज मॅनेजरांवरच (टूल्स इन्स्टॉल आणि अपडेट करून देणाऱ्या प्रोग्रामांवर) येते. होमब्रू हा तिसरा पॅकेज मॅनेजर मॅकवर मस्तच आहे, लिनक्सवरही चालतं, पण बीएसडी आलं की विषय संपला, म्हणून ते बाजूला ठेवतो. (बीएसडीवर निक्सचा सपोर्टही तोकडाच आहे, तेवढं लक्षात ठेवा.)

निक्सचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच आहे. प्रत्येक पॅकेज स्टोअरमध्ये (निक्सच्या सामायिक फोल्डरमध्ये) आपापल्या हॅशच्या, म्हणजे वेगळ्या ओळखखुणेच्या, फोल्डरमध्ये, त्यामुळे एकाला जुनी लायब्ररी हवी, दुसऱ्याला नवी, दोघंही सुखात. अपग्रेड फसलं तर रोलबॅक मारा, म्हणजे आधीच्या स्थितीवर परत जा, आणि पुढे चला. एखादं टूल नुसतं बघायचंय तर निक्स शेल उघडा, वापरा, बंद करा, कुठे कचरा नाही. (म्हणजे स्टोअरमध्ये राहतो, गार्बेज कलेक्ट (न लागणारं साफ) करेपर्यंत डिस्क फुगत जाते, पण ते चालायचंच.) निक्सची स्वतःची भाषा शिकावी लागते, आणि फ्लेक्स (प्रोजेक्टला लागणाऱ्या गोष्टींची व्हर्जन्स पक्की करायची निक्सची सोय) 2021 मध्ये आले तरी अजून एक्सपेरिमेंटलच म्हणवतात, यावर मी काही बोलत नाही.

माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच. निक्सला थेट रूटखाली (डिस्कच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये) स्वतःचं फोल्डर लागतं आणि ते बनवायला सुडो लागतं. मॅकवर तर कॅटालिना व्हर्जनपासून रूट रीड-ओन्ली झालंय म्हणून इन्स्टॉलर वेगळा व्हॉल्यूमच काढतो. आपलं मशीन असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही. पण मला हवं होतं कामाच्या शेअर्ड सर्व्हरवर, तिथे ॲडमिनचं उत्तर ठरलेलं, "रूटमध्ये नवीन काही नको, होममध्ये काय करायचं ते करा." बरं, स्टोअर होममध्ये हलवता येतं, पण मग तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेले प्रोग्राम) कामाच्या राहत नाहीत, कारण पाथ त्यांच्या आतच कोरलेला असतो, आणि मग एका छोट्या टूलसाठी लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) आणि कंपायलरपासून सगळं बिल्ड होत बसतं. युजर नेमस्पेसची (लिनक्समधली, रूटशिवाय स्वतःपुरतं वेगळं वातावरण बनवायची सोय) पळवाट आहे, ती त्या सर्व्हरवर बंद होती.

पॅकेजसोर्स 1997 पासूनचं, नेटबीएसडीवाल्यांचं, फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स या पॅकेजसंग्रहातून निघालेलं. बूटस्ट्रॅप (सुरुवातीची मांडणी करणाऱ्या) स्क्रिप्टला अनप्रिव्हिलेज्ड, म्हणजे रूटशिवाय, सांगितलं की सगळं होममधल्या पीकेजी फोल्डरमध्ये, पॅकेजचा डेटाबेससुद्धा. मग उदाहरणार्थ टीमक्स हे टर्मिनलचं टूल हवं असेल तर मिस्क फोल्डरमधल्या टीमक्समध्ये जा, बीमेक इन्स्टॉल ही कमांड द्या, चहाला जा. कंपाइल इथेही करावंच लागतं, ते लपवत नाही, पण हे मशीनवर आहे त्या कंपायलरवर आणि आहे त्या लिबसीवर भागवतं, हाच मला मोठा फरक वाटला. शिवाय एमके डॉट कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये डिफॉल्ट ऑप्शन्समध्ये मायनस एक्स11 टाकलं की ज्या पॅकेजांना तो ऑप्शन आहे ती सगळी एक्सचं (ग्राफिकल विंडोंसाठीच्या सिस्टिमचं) लटांबर न ओढता बनतात, सर्व्हरवर हे सोन्यासारखं.

दुखणं आहे अपडेटचं. बीमेक अपडेट आधी ते पॅकेज आणि त्यावर अवलंबून असलेली सगळी काढतं, मग परत बनवायला घेतं, आणि मधेच एक बिल्ड फेल झालं की तुम्ही हात हलवत बसा. रोलिंग रिप्लेस नावाचं टूल बरंच सावरून घेतं. मी मात्र नवीन क्वार्टरची ब्रँच (दर तीन महिन्यांनी निघणारी आवृत्ती) आली की वेगळ्या प्रिफिक्सवर (इन्स्टॉलच्या फोल्डरमध्ये) सगळं नव्याने बिल्ड करतो, चाललं तर सिमलिंक (फोल्डरचा शॉर्टकट) तिकडे वळवतो, नाही चाललं तर जुनं तसंच पडलेलं असतं. गरिबाचं रोलबॅक म्हणा हवं तर, जागा दुप्पट लागते.

तुमच्याकडे रूट असेल आणि टीममध्ये सगळ्यांना तंतोतंत एकसारखं एनव्हायर्नमेंट हवं असेल तर बहुतेक निक्सच घ्याल आणि बरोबरच कराल. होम डिरेक्टरीपुरतंच राज्य असेल तर मी तरी पॅकेजसोर्स म्हणेन. घेतलंत तर करंट (सतत बदलणारी ब्रँच) नको, क्वार्टरली ब्रँच घ्या, आणि पीकेजी ॲडमिनचं ऑडिट (पॅकेजांमध्ये माहीत असलेल्या सुरक्षा-त्रुटी आहेत का हे तपासणं) क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, टाकून ठेवा, पण त्याआधी व्हल्नरेबिलिटीची (त्या त्रुटींच्या यादीची) फाइल फेच करायची ओळही टाका, नाहीतर ते जुन्याच यादीवर तपासत बसतं.