खालिदचा रस्ता की क्लिफर्डचा? बूट टांगून कोच व्हायचं ठरवताय तर हे वाचा

तिशी उलटलेले, गुडघे कुरकुरायला लागलेले बरेच फुटबॉल मिडफिल्डर (मधल्या फळीतले प्लेअर) आता डी लायसन्स, सी लायसन्स या कोचिंगच्या परवान्यांच्या फॉर्मबद्दल विचारत असतात, आणि लायसन्स झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, लहान टीमचा का होईना पण हेड कोच व्हायचं की मोठ्या क्लबात कोणा परदेशी कोचच्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागायचं? आपल्याकडे दोन्ही रस्त्यांची जिवंत उदाहरणं आहेत आणि दोघंही मिडफिल्डरच, मुंबईचा खालिद जमील आणि गोव्याचा क्लिफर्ड मिरांडा.

आधी खालिद. जन्म कुवेतचा, पण खेळला महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. दुखापतींनी खेळणं आटोपलं आणि 2009 मध्ये त्याच मुंबई एफसीचा थेट हेड कोच. मधली पायरीच नाही. पैसा कमी, कूपरेजवर मोजकं पब्लिक, टार्गेट एकच की आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या टॉप लीगमधून, खाली जायचं नाही, आणि हे त्याने 2016 पर्यंत निभावलं. फुटबॉल बघायला कंटाळवाणं असायचं हे खरंय, मागे भिंत उभी करा, सेट-पीसवर (फ्री किक, कॉर्नरवर) गोल काढा, एक पॉईंट घेऊन घरी जा. लोक नावं ठेवायचे. पण कमी पैशात टीम कशी उभी करायची हे तो तिथेच शिकला असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण पुढे काय झालं बघा. मुंबई एफसीने त्याला सोडलं, तो गेला मिझोरामच्या आयझॉल एफसीला, जी टीम आदल्या सीझनला रेलिगेट झालेली, म्हणजे लीगमधून खाली ढकललेली, आणि गोव्याचे क्लब लीग सोडून गेले म्हणून परत आत घेतलेली. सोबत आशुतोष मेहता, जयेश राणे ही मुंबईतली ओळखीची पोरं. शेवटून दुसऱ्या मॅचला घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 ने हरवलं, मग 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये ड्रॉ पुरेसा होता, तिथल्या लाजाँग टीमने आधी गोल टाकला, सगळ्यांचा जीव टांगणीला, शेवटी 1-1 आणि आयझॉल चॅम्पियन, बागानपेक्षा फक्त एका पॉईंटने पुढे. आणि त्याच सीझनमध्ये मुंबई एफसी तळाला राहून खाली गेली, नंतर क्लबच बंद पडला!

आता क्लिफर्ड. गोव्याच्या डेम्पो क्लबच्या सुवर्णकाळातला माणूस, इंडियाचाही प्लेअर, खेळाडू म्हणून खालिदपेक्षा कितीतरी मोठं करिअर. पण कोच म्हणून त्याने खालून सुरुवात केली, एफसी गोवाची डेव्हलपमेंट टीम, मग सीनियर टीमच्या बेंचवर असिस्टंट. 2020 च्या सुरुवातीला सीझन संपत आलेला असताना गोव्याने हेड कोच सर्जियो लोबेराला काढलं आणि टीम क्लिफर्डच्या हातात आली. आयएसएल (इंडियन सुपर लीग) मध्ये टेबलात पहिलं येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड गोव्यानेच घेतली, आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला जाणारा पहिला भारतीय क्लब. पण पुढच्या सीझनला हेड कोच कोण? हुआन फेरांडो.

2023 ला ओडिशा एफसीत परत तेच. हेड कोच जोसेप गोम्बाऊ गेला, क्लिफर्ड इंटेरिम म्हणजे तात्पुरता हेड कोच झाला, कोझिकोडला बंगळुरूला 2-1 ने हरवून सुपर कप जिंकला, वर एएफसी कपचं तिकीटही काढलं. आणि क्लबने पुढच्या सीझनसाठी आणलं कोणाला? लोबेराला! गोव्यात ज्याची खुर्ची सांभाळली तोच ओडिशात याच्या जागी येऊन बसला. ह्या रस्त्याची गोची एवढ्यात कळते. ट्रेनिंगचं प्लॅनिंग, व्हिडिओ, परदेशी स्टाफ हे सगळं जवळून बघायला मिळतं, ट्रॉफीच्या फोटोत तुम्ही असता, पण खुर्ची तुमची होईलच असं नाही.

अर्थात खालिदलाही आयएसएलचा दरवाजा असाच उघडला. आयझॉलनंतर ईस्ट बंगाल, मोहन बागान, दोन्हीकडे फार टिकला नाही, मग आयएसएलमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडला असिस्टंट. जानेवारी 2021 ला हेड कोच जेरार्ड नूस गेल्यावर इंटेरिम, लीगच्या उरलेल्या 9 मॅच न हरता प्लेऑफ, तेव्हा कुठे त्याला पर्मनंट केलं, आयएसएलमधला पहिला पर्मनंट भारतीय हेड कोच, आणि पुढच्या सीझनला टीम दहावी. नंतर जमशेदपूरला जम बसला आणि ऑगस्ट 2025 ला थेट इंडियाचा कोच. तिथेही मध्य आशियाई संघटनेच्या काफा नेशन्स कपला ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला म्हणून कौतुक, आणि महिन्याभरात गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून 1-2 हरून एशियन कपची वाट बंद. हेड कोच म्हटलं की शिव्या तुमच्याच नावाने, असिस्टंटला निदान त्या रात्री झोप लागते.

मग करायचं काय? माझं ऐकाल तर वय पस्तिशीच्या आत आहे आणि कोणी लहान क्लब टीम देतोय तर डोळे झाकून घ्या, अगदी मुंबईतली खालच्या डिव्हिजनची किंवा गोवा प्रो लीगमधली असली तरी, कारण अकरातून कोणाला बसवायचं हा निर्णय स्वतः घेतल्याशिवाय येत नाही आणि असिस्टंटला तो कधीच घ्यावा लागत नाही. मिडफिल्डरला गेम वाचता येतो, ठीक आहे, पण ड्रेसिंग रूममध्ये जुन्या मित्राला तू आज बाहेर म्हणणं हे मैदानावर कोणी शिकवत नाही. उलट तुमचं नाव मोठं आहे पण मॉडर्न ट्रेनिंग, डेटा वगैरेची सवय नाही, तर दोन सीझन क्लिफर्डसारखे काढा, फक्त जॉईन होतानाच विचारून ठेवा की हेड कोच गेला तर पुढे काय, आणि उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडे बेभरवशाचंच. 2025 ला आयएसएलच लटकली तेव्हा काही क्लबांनी सीनियर टीमचे पगार थांबवले होते, त्यामुळे बँकेची, रेल्वेची नोकरी असेल तर कोचिंगचं सगळ्यात वरचं प्रो लायसन्स हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका.