‘कोर्ट’ की ‘किल्ला’: सुवर्णकमळाचा खरा मानकरी कोण?

२०१५ साली ६२ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा मराठीच्या वाट्याला दोन मोठे मान आले. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ आणि अविनाश अरुणच्या ‘किल्ला’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं रौप्यकमळ. दोन्ही दिग्दर्शकांचा पहिलाच चित्रपट. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘कोर्ट’ थिएटरात लागला, जूनमध्ये ‘किल्ला’. तेव्हापासून एक प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय. कमळांची अदलाबदल झाली का? ‘किल्ला’ पाहून डोळे भरून आलेल्या माणसाला खरंच कळत नाही, की जिथे कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही आणि खटल्यात पुढे काय होणार याची उत्सुकताही कुणी ताणत नाही, त्या चित्रपटाला देशातला सर्वोच्च मान कसा मिळतो.

तुम्ही दोन्ही पाहिले नसतील आणि आधी कुठला पाहावा असा विचार करत असाल, किंवा एक पाहून दुसऱ्याबद्दल मन साशंक असेल, तर माझं मत आधीच सांगतो. सुवर्णकमळ योग्य ठिकाणी गेलं. पण ‘किल्ला’च्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही, म्हणून सुरुवात तिथून करू.

अकरा वर्षांचा चिन्मय. वडील गेलेत, आईची बदली कोकणात झालीय, शाळा नवी, मुलं नवी. एवढीच गोष्ट. पण अविनाश अरुण मुळात छायाचित्रकार आहे आणि या चित्रपटाचं छायांकनही त्यानंच केलंय. त्याचा पाऊस नुसता देखावा म्हणून पडत नाही. सायकली घेऊन मुलं किल्ल्यावर जातात, आभाळ फाटल्यासारखा पाऊस येतो आणि चिन्मय मागे एकटा पडतो. त्या दगडी भिंतींमध्ये तो मित्रांना हाका मारत फिरतो, तेव्हा आपल्याला कळतं की हे पोर फक्त मित्रांना शोधत नाहीये. वडिलांबद्दल त्या प्रसंगात कुणी अवाक्षर काढत नाही. अर्चित देवधरचा चेहरा पुरतो. अमृता सुभाषची आई तर मला आजही आठवते. कचेरीतला ताण घरी आणायचा नाही म्हणून धडपडणारी आणि तरीही तो लपवू न शकणारी. बर्लिन महोत्सवात २०१४ साली मुलांच्याच ज्युरीनं ‘किल्ला’ला क्रिस्टल बेअर दिलं. भाषा न कळणाऱ्या परदेशी मुलांना चिन्मय कळला, ही फार मोठी पावती आहे.

शिवाय परंपरा ‘किल्ला’च्या बाजूनं आहे. पहिलंवहिलं सुवर्णकमळ मिळालं ते ‘श्यामची आई’ला. त्यानंतर पन्नास वर्षांनी ते मराठीत परत आणलं ‘श्वास’नं. एकात आई आणि मुलगा, दुसऱ्यात आजोबा आणि नातू. मायेच्या माणसाचा हात धरून चाललेलं मूल हा मराठी चित्रपटाचा हुकमी सूर आहे आणि ‘किल्ला’ तो अस्सल लावतो. ‘कोर्ट’ या घराण्यातला वाटतच नाही.

‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे हा वयस्क लोकशाहीर आहे. मुंबईत मॅनहोल साफ करणाऱ्या वासुदेव पवारचा मृत्यू होतो आणि कांबळेंच्या गाण्यानं त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं असा आरोप ठेवून त्यांना अटक होते. आता एवढ्या कथेवर कुणीही एक जोरकस कोर्टनाट्य उभं केलं असतं. बचावाच्या वकिलाचं शेवटचं घणाघाती भाषण, खजील झालेली सरकारी वकील, टाळ्या. ताम्हाणेनं हे सगळं हातचं सोडून दिलंय. कॅमेरा कोर्टरूममध्ये एका जागी मांडी ठोकून बसतो. सरकारी वकील नूतन कायद्यातले उतारे एकसुरात वाचत राहतात, पुढची तारीख पडते, दुसरा खटला पुकारला जातो. बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या बाईचा खटला न्यायाधीश ऐकायलाच घेत नाहीत. थिएटरात माझ्या रांगेतले दोघं मध्यंतराला उठून गेले ते परत आले नाहीत. मला त्यांचा राग आला नव्हता. पहिला अर्धा तास मीही चुळबुळत होतो.

मग वासुदेवच्या विधवेची साक्ष होते. नवरा कामाला कसा जायचा, हे ती सांगते. गटारात उतरण्याआधी झुरळ बाहेर येतंय का ते तो बघायचा. झुरळ दिसलं म्हणजे आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. अंगावर सुरक्षेचं काही नाही. आत जायचं तर दारू पिऊनच. हे ती सांगते तेव्हा आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत वाजत नाही, कॅमेरा तिच्या डोळ्यांजवळ सरकत नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर, एवढंच. तोवरचा सगळा कंटाळा मला तिथे एकदम उमगला. त्या संथपणाची सवय लावूनच दिग्दर्शकानं आपले कान तयार करून घेतलेत. हेच वाक्य एखाद्या टाळीबाज चित्रपटात आलं असतं तर आपण हळहळलो असतो आणि पुढच्या प्रसंगाकडे वळलो असतो. इथे ते झुरळ डोक्यातून जात नाही.

दोघांमधला फरक माझ्या लेखी इथेच पडतो. ‘किल्ला’ची गोष्ट वेगळ्या हातांनी, वेगळ्या रीतीनं सांगितली असती तरी बऱ्यापैकी पोचली असती. अविनाश अरुणनं ती अतिशय सुंदर सांगितली, हे त्याचं यश. ‘कोर्ट’ला जे म्हणायचंय ते दुसऱ्या कुठल्याच रीतीनं म्हणता आलं नसतं. माणसाला चिरडणारी गोष्ट कुणा एकाचा दुष्टपणा नसून रोजचं कामकाज आहे, हे दाखवायचं तर कामकाजच दाखवावं लागतं आणि तेही त्याच्याच वेगानं.

म्हणून नूतन मला या चित्रपटातली सर्वात मोलाची व्यक्तिरेखा वाटते. कांबळेंना तुरुंगात धाडायला निघालेली ही बाई कोर्ट सुटल्यावर लोकल पकडते, शेजारणीशी नवऱ्याच्या मधुमेहाबद्दल आणि ऑलिव्ह तेलाबद्दल बोलते, मुलाला पाळणाघरातून घेते आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णीनं ती अशी उभी केलीय की तिचा तिरस्कार करायला जागाच उरत नाही. आपण तिला ओळखतो. आपल्या घरात, ऑफिसात ती आहे. खलनायक हाताशी न देता इतकं अस्वस्थ करणारा दुसरा मराठी चित्रपट मला चटकन आठवत नाही.

उणिवा आहेत. विवेक गोंबरचा वकील विनय व्होरा सुपरमार्केटमध्ये, क्लबात फिरताना दिसतो ते प्रसंग नूतनच्या घराइतके जिवंत नाहीत. त्याचं आयुष्य लांबूनच टिपल्यासारखं वाटतं. भावनेचा ओलावाही ‘कोर्ट’ जाणूनबुजून आटवतो, आणि ज्याला चित्रपटाकडून तोच हवा असतो त्याचं काही चुकत नाही. पण तोही पुरता आटलेला नाही. व्होरा त्या विधवेला गाडीतून घरी सोडतो आणि पैसे देऊ करतो, तेव्हा ती पैसे घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते. ‘किल्ला’तल्या कुठल्याही प्रसंगाइतकंच ते काळजाला भिडतं.

‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिस महोत्सवात ‘ओरिझोंती’ विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पदार्पणासाठीचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ असे दोन्ही पुरस्कार मिळाले. पुढे तो ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका झाला, पण तिथे नामांकनापर्यंत पोचला नाही. मला या याद्यांपेक्षा सुवर्णकमळ महत्त्वाचं वाटतं. परदेशी ज्युरीला त्यातलं नवेपण भावणं समजू शकतं. इथल्या ज्युरीनं आपल्याच न्यायव्यवस्थेकडे इतक्या थंडपणे पाहणाऱ्या चित्रपटाला सरकारी पुरस्कारांतला पहिला मान द्यावा, याला धैर्य लागतं.

आता कुठला कधी पाहायचा. घरच्यांसोबत, मुलांना घेऊन बसणार असाल तर बिनदिक्कत ‘किल्ला’ लावा, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर. ‘कोर्ट’ एकट्यानं किंवा नंतर बोलता येईल अशा एखाद्या माणसासोबत पाहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एका बैठकीत. तुकड्यातुकड्यांनी पाहिलात तर तो तुम्हाला नक्की कंटाळवाणा वाटेल. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. तिथे संपला असं समजून उठू नका. न्यायाधीश सहलीला निघालेत आणि त्यांच्यासोबत आपल्यालाही जायचंय.