रशियन माणसाला हाक कशी मारावी: येलेना सेर्गेयेव्ना, येलेना की लेना?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी रशियात जाणाऱ्याला समोरच्याला कोणत्या नावाने हाक मारायची, हे लवकरच ठरवावे लागते. कागदोपत्री आडनाव, नाव आणि पितृनाम असा क्रम असतो. मराठी वाचकाला ही त्रयी ओळखीची वाटेल. मात्र तेथे वडिलांचे नाव जसेच्या तसे न लागता इव्हानचा मुलगा इव्हानोविच, तर मुलगी इव्हानोव्ना होते. लग्नानंतर स्त्रीने आडनाव बदलले, तरी आपल्याकडच्यासारखे पतीचे नाव मध्ये येत नाही.

प्राध्यापक, डॉक्टर, वरिष्ठ अधिकारी किंवा वयाने मोठी व्यक्ती असेल, तर नाव आणि पितृनाम एकत्र घेणे सर्वांत सुरक्षित. आपण ‘सर’, ‘मॅडम’ म्हणून जो मान देतो, तो तेथे पितृनामातूनच दिला जातो, म्हणून विद्यार्थी वर्गात थेट ‘येलेना सेर्गेयेव्ना’ म्हणतात आणि पत्राचा मायनाही ‘उवाझायेमाया येलेना सेर्गेयेव्ना’ असाच, म्हणजे ‘आदरणीय’ लावून, आडनावाशिवाय लिहितात. अलेक्सांद्र अलेक्सांद्रोविचचे बोलण्यात ‘सान सानिच’ होते खरे, पण ती जवळीक नवख्याने दाखवू नये.

नुसते ‘येलेना’ आणि सोबत ‘तुम्ही’ हा मधला मार्ग आयटी कंपन्यांत आणि समवयस्क सहकाऱ्यांत चालतो. वयस्क प्राध्यापिकेला मात्र तो तुटक वाटेल. ‘लेना’ हे रूप मैत्रीचे. समोरच्याने स्वतःहून तशी ओळख करून दिल्याशिवाय ते वापरू नये, हे माझे स्पष्ट मत. लघुरूपांचे रंगही वेगवेगळे असतात: अलेक्सांद्रचे ‘साशा’ साधे, ‘साशेन्का’ लाडाचे, तर ‘साश्का’ प्रसंगी उर्मट.

‘गोस्पदीन’ (श्री) किंवा ‘गोस्पझा’ (श्रीमती) लावून आडनाव घेणे औपचारिक व्यवहारात आणि परदेशी पाहुण्यांसाठी ठीक, पण रोजच्या कामात ते फारच ताठर वाटते.

पितृनामाचा आणखी एक उपयोग आहे. इव्हानोव–इव्हानोवा अशा आडनावांतून स्त्री-पुरुष कळतात, पण पेत्रेंको हे आडनाव दोघांचेही सारखेच आणि साशा हे अलेक्सांद्र व अलेक्सांद्रा या दोघांचेही लघुरूप. त्यामुळे ‘साशा पेत्रेंको’ एवढ्यावरून काहीच उलगडत नाही. पितृनाम ठाऊक नसेल, तर ‘काक वास पा ओत्चेस्त्वू?’ असे सरळ विचारावे; तसे विचारणे तेथे उद्धटपणाचे मानले जात नाही.